हायलंडमधील मृगया

इ. स. १७१५ च्या ऑगस्ट महिन्यांत स्कॉटलंडांतील कित्येक सरदार-जहागीरदारांच्या हातीं एक निमंत्रण पडलें. मारचा अर्ल जॉन अर्स्किन यानें आपल्या ब्रेमार येथील रानांत हरणांची मोठी शिकार योजिली असून २७ ऑगस्टच्या सुमारास पाहुण्यांनीं अगत्य यावें, असा त्याचा आशय होता. वरवर पाहतां त्यांत वावगें असें कांहींच नव्हतें. ऑगस्ट हा त्या देशांत शिकारीचाच महिना. उन्हाळाभर डोंगरमाथ्यावरचें कोंवळें गवत खाऊन नर तेव्हां पुष्ट झालेले असतात, शिंगांवरील मखमली साल गळूं लागलेली असते, आणि माजाच्या दिवसांना अजून महिनाभर अवकाश असतो. ब्रेमारच्या शिकारींची ख्याति तर शंभर वर्षांची. शेंदोनशें माणसें हत्यारें घेऊन एका खोऱ्यांत जमलीं, तरी कोणास हटकण्याचें कारण दिसूं नये, इतका तो रिवाज जुना होता. आणि तरीही दहा दिवसांनीं, ६ सप्टेंबर रोजीं, त्याच ब्रेमारांत ब्रिटनच्या राजाविरुद्ध बंडाचें निशाण उभें राहिलें.

शिकारीचें निमित्त बंडाला इतकें चपखल कां बसलें, हें समजण्यास त्या मुलखांत हरणांची शिकार कशी आंखीत असत, तें आधीं पाहिलें पाहिजे.

हायलंड म्हणजे स्कॉटलंडचा उत्तर व पश्चिम बाजूचा पहाडी मुलूख. त्यांतील ग्रॅम्पियन पर्वतांत बेन मॅकडुई हें शिखर १३०९ मीटर उंच आहे. आपलें कळसूबाई याहून ३०० हून अधिक मीटरांनीं उंच, हें आठवून महाराष्ट्रीय वाचकास तें क्षुल्लक वाटावें; परंतु उंचीचे आंकडे येथें फसवे आहेत. तो प्रदेश इतका उत्तरेस आहे, कीं ६०० मीटरांच्या वर झाड म्हणून सहसा टिकत नाहीं, आणि माथ्याखालच्या घळींत ऐन उन्हाळ्यांतही कोठें कोठें बर्फ शिल्लक राहतें. वर खडकांच्या राशी, मध्यें हेदर नांवाच्या जांभळ्या फुलांच्या झुडपांचे उतार, खालीं पाय रुतविणारी पाणथळ जमीन, आणि डोंगरांच्या कुशींत कढईच्या आकाराचे खोलगट कोपरे, ज्यांस तेथें कॉरी म्हणतात. शिकाऱ्याचा खरा शत्रु या कॉरींत राहतो, आणि तो म्हणजे वारा. माथ्यावर सरळ वाहणारा वारा कॉरींत उतरतांच भोंवरा घेतो, आणि शिकाऱ्याचा वास नको त्या दिशेस नेऊन पोंचवितो.

तेथील तांबडें हरीण चितळाहून मोठें आणि सांबराहून लहान. नराच्या डोक्यावर फांद्याफांद्यांचीं शिंगें. नजर तीक्ष्ण, कान तिखट, पण सारा भरंवसा नाकावर. वारा अनुकूल असला म्हणजे माणसाचा वास त्यास मैलभरावरूनही लागतो. कळपाच्या कडेस एखादी जुनी, अनुभवी मादी मान उंच करून उभी असते. तिनें एकदां पाऊल उचललें, कीं सारा कळप कणा ओलांडून दुसऱ्या खोऱ्यांत जातो. लांब पल्ल्याची बंदूक हातीं येण्यापूर्वीं असें जनावर उघड्या डोंगरावर एकट्यानें गांठणें फार दुष्कर होतें. आणि गांठलें तरी त्यानें एका घराचें पोट भरे, सरदाराची मेजवानी होत नसे.

म्हणून हायलंडच्या लोकांनीं डोंगरालाच कामास लाविलें. त्यांच्या हांक्यास टिंचेल म्हणत. गेलिक भाषेंत ‘सभोंवार’ या अर्थाचा जो शब्द आहे, त्याचेंच हें इंग्रजी वळण. हरणें आपण होऊन ज्या अरुंद वाटेकडे वळतील, अशी जागा प्रथम निवडावयाची. या जागेस एलरिक म्हणत, आणि स्कॉटलंडच्या नकाशांत एलरिक नांवाच्या टेंकड्या व वाड्या आजही ठिकठिकाणीं सांपडतात, त्या या जुन्या नाक्यांच्याच खुणा होत. नाक्यापाशीं धनुर्धारी आणि शिकारी कुत्रीं दबा धरून बसत. हांकेकरी मात्र कित्येक मैल दूर जात आणि तेथून मंडल धरून हळूहळू आंत सरकत. नुसता आरडाओरडा करून हें काम भागत नसे. हरीण एकदम बिथरलें, तर तें फळी फोडून माथ्याकडे निघून जातें. तें किंचित् अस्वस्थ होऊन चालूं लागलें पाहिजे. त्यासाठीं वारा हांकेकऱ्यांच्या पाठीकडून हवा, म्हणजे दबा धरून बसलेल्यांस तोच समोरून येतो. कोणतें खोरें कोणत्या वाऱ्यांत उठवावयाचें, कोणत्या ओढ्याच्या तोंडाशीं दहा माणसें पुरतील आणि कोणत्या खांद्यावर पन्नास लागतील, हें ज्ञान कोणत्याही कागदावर नव्हतें. तें त्या डोंगरांत गुरें चारणाऱ्या माणसांच्या पायांत होतें.

मोठ्या शिकारीची तयारी कोणत्या थरास जाई, याची एक गमतीदार हकीकत पिट्स्कॉटी या बखरकारानें दिली आहे. १५२९ च्या सुमारास राजा पांचवा जेम्स हा आपली आई आणि पोपचा वकील यांच्यासह ॲथलच्या रानांत शिकारीस गेला. ॲथलच्या अर्लनें पाहुण्यांसाठीं निर्जन माळावर ओल्या लांकडांचा एक वाडाच उठविला; भोंवतीं खंदक, कोपऱ्यांत बुरूज, जमिनीवर हिरवळ आणि फुलें. खाण्यापिण्याची अशी चंगळ, कीं पहाडांत हें वैभव कोठून आलें, याचें पोपच्या वकिलास नवल वाटलें. तीन दिवसांत ६०० हरणें पडलीं. राजाची स्वारी निघाली आणि तिची पाठ फिरतांच डोंगरी लोकांनीं त्या वाड्यास आग लाविली. वकील चकित झाला. तेव्हां राजानें त्यास सांगितलें, कीं रात्रीं कितीही चांगल्या जागीं निजला, तरी सकाळीं ती जाळून पुढें जावयाचें, हा हायलंडच्या माणसाचा शिरस्ताच आहे. बखरकारांचा हात सढळ असतो. तरीही शिकारीची आंखणी म्हणजे छावणीची आंखणी, एवढें त्यावरून दिसतेंच.

मेरी राणीची १५६४ सालची शिकार अधिक भरंवशाच्या लेखणीनें नोंदली गेली आहे. पुढें फ्रान्समध्यें कायद्याचा पंडित म्हणून नांवाजलेला विल्यम बार्कले त्या वेळीं तरुण असून स्वतः तेथें हजर होता. त्याच्या सांगण्याप्रमाणें ॲथलच्या अर्लनें सुमारें २००० डोंगरी माणसें कामास लाविलीं. ॲथल, बॅडनॉक, मार आणि मरे या मुलखांतील रानें व कडे त्यांनीं उठविले, आणि रात्रंदिवस धांवत, जवळ जवळ दोन महिने खपून, २००० तांबडीं हरणें व त्यांशिवाय लहान जातींचीं कांहीं, अशीं एका खोऱ्यांत आणून कोंडिलीं. नियोजित दिवशीं राणी आणि सरदार खोऱ्यांत बसले असतां कळप दिसूं लागला; त्याच्या अग्रभागीं एक थोर नर चालत होता. तें डौलदार जनावर पाहून २१ वर्षांच्या राणीस हर्ष झाला. अर्ल मात्र गंभीर झाला. हा नर रागानें वा भीतीनें बिथरला, तर सारा कळप त्याच्यामागें येईल, तेव्हां आपला जीव संभाळावा, अशी त्यानें सूचना दिली. इतक्यांत राणीच्या हुकुमावरून एका लांडग्यावर एक भला थोरला कुत्रा सोडण्यांत आला. त्याला पाहून पुढारी नर दचकला, माघारीं वळला, आणि हांकेकऱ्यांची फळी जेथें सर्वांत दाट होती त्याच बाजूस उधळला. हेदरमध्यें पालथें पडून कळप अंगावरून जाऊं देण्याखेरीज त्या माणसांना उपाय उरला नाहीं. कित्येक जखमी झाले; दोघे-तिघे जागच्या जागीं ठार झाले. कळप सगळाच हातचा जावयाचा, पण कसलेल्या माणसांनीं त्याची पिछाडी तोडून घेतली. त्या दिवशीं ३६० हरणें आणि ५ लांडगे मारले गेले, असा हिशेब बार्कले देतो. मेलेल्या माणसांचीं नांवें तो देत नाहीं.

तीन वर्षांनीं, १५६७ सालीं, अकबर बादशहानें लाहोरजवळ कमरघा नांवाची जी प्रसिद्ध शिकार केली, तींतही हजारों हांकेकऱ्यांनीं असेंच मंडल धरिलें होतें. पण तेथें मैदान असल्यामुळें सारी भिंत माणसांची उभारावी लागली. हायलंडमध्यें निम्मी भिंत डोंगरांचीच होती.

ब्रेमारच्या शिकारीचें वर्णन करणारा पहिला परका प्रवासी म्हणजे जॉन टेलर. थेम्स नदीवरचा हा नावाडी हौशी कवि होता, आणि पदरीं पैसा न बाळगतां लंडनहून स्कॉटलंडपर्यंत पायीं जाण्याचा पण करून १६१८ सालीं तो निघाला होता. मारच्या त्या वेळच्या अर्लनें त्यास डोंगरी पोशाख चढविला, कारण हांकेकऱ्यांसारखा पोशाख केल्यावांचून शिकारींत सामील होणें हा तेथें त्यांचा अपमान समजला जाई. चौदा-पंधराशें माणसें आणि घोडे यांचा तो तळ होता. बारा दिवस टेलरच्या दृष्टीस ना घर पडलें ना शेत. पांच-सहाशें माणसें भल्या पहाटे उठून आठ-दहा मैलांच्या घेरांत पांगत; सरदार मंडळी कंबरभर पाण्यांतून ओढे ओलांडून ठरल्या जागीं जमिनीवर पडून राहत. तीन एक तासांनीं चहूंकडच्या टेंकड्यांवर शिंगांचें जणूं रान उगवे. मग कुत्रीं सुटत, बंदुका, बाण आणि खंजीर चालत, आणि दोन तासांत ८० पुष्ट हरणें पडत. टेलर त्या रात्रींच्या जेवणाबद्दल जितक्या प्रेमानें लिहितो, तितकें शिकारीबद्दलही लिहीत नाहीं. नावाड्याला तो दोष देण्याचें कारण नाहीं.

या साऱ्या वर्णनांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. सरदारानें निरोप धाडला, कीं त्याचीं कुळें घरचीं कामें टाकून, स्वतःचें हत्यार घेऊन, सांगितलेल्या खोऱ्यांत सांगितलेल्या दिवशीं हजर होत. रात्रीचा मुक्काम उघड्यावर कसा करावयाचा, एकमेकांच्या नजरेआड असतां मंडल कसें राखावयाचें, शत्रूला — मग तो चौपायी असो कीं दुपायी — अरुंद जागीं कसा आणावयाचा, हें शिक्षण त्यांना शिकारींतच मिळे. शांततेच्या काळांत आपलीं माणसें मोजून पाहण्याचा सरदारापाशीं याहून सोपा मार्ग नव्हता.

१७१५ च्या यजमानानें हेंच साधन उचललें. तो टेलरच्या यजमानाचाच वंशज. ॲन राणीच्या कारकीर्दींत तो मंत्री होता आणि १७०७ सालीं इंग्लंड व स्कॉटलंड एक करण्याच्या कामीं त्यानें पुढाकार घेतला होता. १७१४ सालीं राणी वारली, जर्मनींतून पहिला जॉर्ज गादीवर आला आणि मारचें मंत्रिपद गेलें. १७१५ च्या ऑगस्टच्या आरंभीं दरबारांत राजानें त्याच्याकडे पाठ फिरविली, तेव्हां वेष पालटून, कोळशाच्या गलबतांतून तो उत्तरेस निघाला, आणि हद्दपार स्टुअर्ट राजपुत्र जेम्स याचा पक्ष घेऊन ब्रेमारला पोंचला. ज्या राज्यसंघाच्या जुळणीस त्यानें हात लाविला, तोच मोडावयास त्यानें माणसें बोलाविलीं. पक्ष बदलण्याच्या या संवयीमुळें त्याला जें टोपणनांव पडलें, त्याचा अर्थ ‘हेलकावे खाणारा जॉन’ असा आहे. हंटली, टलिबार्डिन, सीफोर्थ, साउथेस्क, ग्लेनगॅरी आदि मंडळी शिकारीस म्हणून जमली, आणि मसलत झाली. निशाण उभें करतांना काठीवरचा सोनेरी गोळा गळून पडला आणि डोंगरी लोकांनीं तो अपशकुन मानिला, अशी आख्यायिका आहे. याहून मोठा अपशकुन समुद्रापलीकडे होऊन गेला होता: ज्याच्या मदतीवर भिस्त होती, तो फ्रान्सचा चौदावा लुई १ सप्टेंबर रोजींच वारला होता.

माणसें जमविण्याचें काम मारला साधलें. शेरिफम्यूरच्या लढाईंत, १३ नोव्हेंबर १७१५ रोजीं, सरकारी सेनापति आर्गाइल याच्या सुमारें दुप्पट सैन्य त्याच्यापाशीं होतें. दोन्ही सैन्यांची डावी बाजू मोडली, उजवी जिंकली, आणि संध्याकाळीं कोण हरलें हें कोणास सांगतां येईना. मार मागें पर्थ येथें जाऊन बसला आणि बसूनच राहिला. शिकारींत यजमानानें दबा धरून वाट पाहिली तरी चालतें, कारण सावज त्याच्याकडे आणून देणारे दुसरे असतात. येथें तसें कोणी नव्हतें. १७१६ च्या फेब्रुवारींत तो राजपुत्राबरोबर जहाजांत बसून फ्रान्सला गेला आणि पुन्हां स्वदेशीं आला नाहीं. डोंगरांत राहिलेल्यांना मात्र परिणाम भोगावे लागले.

लंडनच्या पार्लमेंटला त्या निमंत्रणाचा अर्थ आतां नीट कळला होता. हायलंडच्या बंदोबस्तासाठीं १७१६ सालीं जो कायदा झाला, त्यांत शस्त्रें बाळगण्यास बंदी तर घातलीच; पण कुळांनीं सरदाराची करावयाची अंगसेवाही रद्द केली आणि तिच्याऐवजीं रोख रक्कम ठरविण्यास सांगितलें. रद्द केलेल्या सेवा कायद्यांत नांवानिशीं दिल्या आहेत: सैन्यांत हजेरी, शिकार, टेहळणी आणि पहारा. सैन्य आणि पहारा यांच्या पंक्तीस शिकार! कायदे करणाऱ्यांस सहसा इतिहासाची इतकी मार्मिक जाण नसते. १७४६ सालीं कलोडनच्या रणांत दुसरें मोठें बंड मोडल्यावर सरदारांचे वंशपरंपरेचे न्यायाधिकारही गेले, आणि टिंचेलचा काळ संपला.

माणसांची गरज संपली, तशी माणसांची किंमतही उतरली. जो सरदार कालपर्यंत आपलें बळ माणसांत मोजीत होता, तो तें आतां खंडाच्या पौंडांत मोजूं लागला. आणि डोंगरी कुळापेक्षां दक्षिणेकडच्या मेंढ्या अधिक खंड देत. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून खोरीं ओस पडत गेलीं. कोणी समुद्रकांठच्या खडकाळ तुकड्यांवर जाऊन बसले, कोणी कॅनडास गेले, कोणी पलटणींत शिरले. त्या पलटणींपैकीं एक महाराष्ट्राच्या परिचयाची आहे. रॉसशायर आणि लुईस बेट येथील माणसें घेऊन सीफोर्थच्या मॅकेन्झी घराण्यानें १७९३ सालीं उभारलेली ७८ वी हायलंड पलटण १८०३ च्या ऑगस्टांत वेलस्लीच्या हुकुमावरून अहमदनगरच्या पेठेच्या तटाला शिड्या लावून चढली, आणि २३ सप्टेंबरला असईच्या रणांत शिंद्यांच्या तोफांवर चालून गेली. १७१५ सालीं ब्रेमारच्या ‘शिकारीस’ एक सीफोर्थ हजर होता, हें वर आलेंच आहे.

पुढें लोंकरीचे भाव पडले, मेंढ्यांना कूळ मिळेना, आणि ओस डोंगरांना नवें गिऱ्हाईक भेटलें: इंग्लंडांतील श्रीमंत शिकारी. मात्र आतां शिकारीची आंखणी मुळापासून बदलली. विल्यम स्क्रोप यानें ॲथलच्या रानांतील अनुभवावर १८३८ सालीं हरणाचा माग काढण्याच्या कलेवर ग्रंथ लिहिला. व्हिक्टोरिया राणी आणि तिचा पति ॲल्बर्ट यांनीं १८४८ सालीं ब्रेमारजवळचें बॅल्मोरल भाड्यानें घेतलें व १८५२ सालीं विकत घेतलें. आणि हायलंडची शिकार ही प्रतिष्ठेची बाब झाली. या नव्या पद्धतींत एक धनी, एक वाटाड्या, आणि हरीण लादून आणण्यास तट्टू घेतलेला एक गडी, एवढीं माणसें पुरतात. वाटाड्या पहाटे गवताची काडी उडवून वारा पाहतो. मग दुर्बिणीनें समोरचा उतार पायरीपायरीनें चाळतो. हरणें धोक्यासाठीं खालच्या बाजूकडे नजर ठेवतात, म्हणून मोठा वळसा घालून त्यांच्या वर चढावयाचें, आणि शेवटचे शेंदोनशें वार ओढ्याच्या थंड पाण्यांतून पोटावर सरपटत काढावयाचे. कस येथेंही लागतो. पण तो कस बहुधा वाटाड्याचा असतो आणि दिवाणखान्यांतलीं शिंगें धन्याचीं असतात.

डोंगर एकाच्या शिकारीसाठीं राखावयाचा, तर दुसऱ्या कोणाचा वासही तेथें नको. २१ ऑगस्ट १८४७ रोजीं एडिंबरो विश्वविद्यालयाचे वनस्पतिशास्त्राचे अध्यापक बाल्फर आपल्या विद्यार्थ्यांसह ब्रेमारहून टिल्ट खोऱ्यांतून चालले असतां ॲथलच्या ड्यूकच्या माणसांनीं त्यांची वाट अडविली. पूर्वीं ज्या ॲथलांत दोन हजार माणसें बोलावून आणीत, त्याच ॲथलांत आतां वनस्पति गोळा करणारीं मुलें हरणांना त्रासदायक ठरलीं. प्रकरण वरिष्ठ न्यायालयापर्यंत गेलें आणि वाट लोकांची ठरली. राखीव रानें मात्र वाढतच गेलीं. १९१२ च्या सुमारास त्यांचें क्षेत्र ३५ लाख एकरांच्या घरांत गेलें होतें. लांडगे केव्हांच नामशेष झाले होते, त्यामुळें हरणांस आवर राहिला नाहीं. त्यांनीं कोंवळीं रोपें खाऊन डोंगर उघडे ठेविले आहेत, आणि त्यांची संख्या उतरविण्यासाठीं नरांच्या शिकारीवरील हंगामाची बंदी स्कॉटलंडच्या सरकारनें २०२३ सालीं उठविली.

मधल्या काळांत एक हांका मात्र जुन्या पद्धतीचा झाला. असईला गेलेले कित्येक शिपाई ज्या लुईस बेटाचे, तेथील पार्क नांवाच्या डोंगराळ भागांतून कुळें उठविलीं गेलीं होतीं. तेथें आधीं मेंढ्या आल्या, मग तें हरणांसाठीं राखून एका इंग्रज कारखानदारास भाड्यानें दिलें गेलें. १८८६ च्या कायद्यानें ज्यांच्याकडे जमीन होती त्यांना संरक्षण मिळालें. ज्यांच्याकडे मुळींच नव्हती ते तसेच राहिले. बॅलॅलन गांवचे शाळामास्तर डॉनल्ड मॅक्रे यांनीं या भूमिहीनांच्या बरोबर बसून योजना केली, आणि २२ नोव्हेंबर १८८७ रोजीं कांहींशें माणसें बंदुका, निशाणें आणि पुंगीवाद्य घेऊन पार्कच्या डोंगरांत शिरलीं. भाडेकऱ्याची पत्नी त्यांना वाटेंत आडवी आली आणि परत जाण्यास सांगूं लागली. तेव्हां आम्हांस इंग्रजी येत नाहीं, असें त्यांनीं गेलिकमध्यें उत्तर दिलें म्हणतात. त्यांनीं हरणें मारलीं, शिडाच्या कापडाखालीं तळ दिला, आणि एका वृद्धानें देवाचे आभार मानल्यावर सर्वांनीं मिळून मांस खाल्लें. बातमीदार बरोबर होतेच. शंभराहून अधिक हरणें मारल्याच्या बातम्या देशभर झळकल्या. सरकारनें बेटावर सैन्य धाडलें. मॅक्रे मास्तरांसह सहा जणांवर दंग्याचा खटला भरण्यांत आला, आणि १८८८ च्या जानेवारींत एडिंबरो येथील पंचांनीं त्यांस निर्दोषी ठरविलें.

जमीन मात्र त्या वेळीं मिळाली नाहीं. पार्कची जहागीर तेथील रहिवाशांच्या विश्वस्त संस्थेनें विकत घेतली ती २०१५ च्या डिसेंबरांत.